चहात बुडवलेलं बिस्कीट

“पहिली दोन-तीन वर्षं हा ज्ञानेश काय खायचा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि सिंधुबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

सून सुवर्णा काही बोलायच्या आत सिंधुबाईचा मुलगा भारतच बोलला. “आईकडे होता, दिंडोरीला. आम्ही दोघं इथं नाशकात, अंबडच्या कंपनीत, बघणार कोण? सांग ना आई, आता का गप्प?” त्याचा आवाज शांत होता, म्हणून तर जास्तच लागला.

सांगायचं काय? द्राक्षबागेतलं काम सुटेपर्यंत नातू बांधावर बसायचा. रडला की चहात बिस्कीट बुडवून द्यायचं. पोर गप्प, आजी मोकळी. गावातल्या सगळ्याच आज्या तेच करत होत्या, पण म्हणून काय ते अमृत झालं?

“चा-बिस्कीट,” ती कशीबशी म्हणाली. “वरणभात बी द्यायची, पण त्यो तोंडच उघडायचा नाय.”

“कसं उघडेल? पोट बिस्किटांनी भरलेलं!” भारत म्हणाला. “मुळातच बिघडलंय सगळं, डॉक्टर.”

ज्ञानेश आता पहिलीत होता. शाळेत मुलींना ढकलायचा, डबा आवडला नाही की भिरकावून द्यायचा. परवा एका पोरीच्या कपाळाला खोक पडली. पुन्हा असं झालं तर दाखला घेऊन जा, असं शाळेनं बजावलं होतं. फोनवर हे ऐकलं तशी सिंधुबाई नाचणीचं पीठ बांधून मिळेल त्या गाडीनं नाशकात आली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. अंगात लोह कमी असलं तरी मुलं चिडचिडी होतात, पण तेवढंच कारण असेल असं नाही, म्हणाल्या. “घरी कसा वागतो?”

“घरी? एकदम शहाण्यासारखा. चकार शब्द नाही,” भारत म्हणाला. सुवर्णानं मान डोलावली.

सिंधुबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. आपल्या हातांनी आपल्या नातवाचं वाटोळं केलं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. अगं बाई, जिवापाड माया केली आणि हे काय होऊन बसलं!

इंदिरानगरच्या घरी सगळ्यांना सोडून भारत परत कामावर निघाला. दारात बूट घालता घालता म्हणाला, “रिपोर्ट आले की तू गावाला जा, आई. इथं राहून त्याचे लाड नकोत. झालं तेवढं पुरे.”

सिंधुबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. नातू पुन्हा डोळ्यांना दिसायचा की नाही कोण जाणे.

सुवर्णा स्वयंपाकाला लागली. तिच्या मनगटाला पट्टी होती. कुकरची वाफ लागली म्हणाली.

“सूनबाई, माझा लय राग आला आसंल ना गं?”

“नाही हो आई.”

“मग बोल की चार शब्द. शिव्या दे हवं तर. ही गप्प बसणारी माणसं मला झेपत नाय!”

सुवर्णानं तव्यावरची पोळी उलटली. “तुम्ही जाऊ नका ना इतक्यात,” एवढंच म्हणाली.

सून गुणाची, सासूचं मन राखतेय, असं सिंधुबाईला वाटलं. तिला आणखीच अपराधी वाटलं.

दिवेलागणीला तिनं नाचणीची भाकरी थापली, वर तुपाची धार सोडली आणि ज्ञानेशला जवळ घेऊन बसली. स्वतःचंही ताट वाढून घेतलं, पण ते तसंच बाजूला राहिलं. पोरगं मात्र अधाशासारखं खात सुटलं. चावायचीसुद्धा फुरसत नाही! तान्हेपणी उपाशी राहिलेलं पोर असंच खाणार, असं मनाशी म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले.

“सावकाश खा रं माझ्या राजा. कुणी तुझं ताट घेऊन पळतंय व्हय?”

खाली मोटारसायकल थांबली. सुवर्णानं घाईघाईनं आमटी पुन्हा गॅसवर ठेवली.

ज्ञानेशनं उरलेली भाकरी एकदमच तोंडात कोंबली आणि आजीचं भरलेलं ताट तिच्याकडे सरकवलं.

“आजी, तू पण पटपट जेव,” तो तिच्या कानाशी कुजबुजला. “बाबा जेवायला बसले की ताट भिरकावतात, मग आई खाली पडते.”