सांभाळून घेणारा

"ताई, हा घ्या. हा माइक सांभाळून घेतो," दुकानदार म्हणाला आणि त्याने ताईंच्या धाकट्या भावाकडे पाहिलं. भावाने लगेच मान खाली घातली.

ताईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. भर कार्यक्रमात डोळे मिटून गातानाही कुठल्या रांगेत कोण जांभई देतंय ते त्यांना कळायचं, इथे तर दोघं समोरच उभे होते.

"काय सांभाळून घेतो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, असलं काही उचलत नाही. स्टेजवर सगळे हाच वापरतात."

"स्टेजचा आहे माझ्याकडे. मला आता घरी बसून गाणी रेकॉर्ड करायची आहेत. मध्येमध्ये गप्पा मारायच्या, पॉडकास्ट की काय म्हणतात ते."

"तरी हाच बरा," धाकटा घाईने म्हणाला. "तो मोठा कंडेन्सर माइक नको, ताई. त्याला सगळंच ऐकू येतं."

"मग काय बहिरा माइक शोधायचा?"

दुकानदार उगाच एक वायर गुंडाळत बसला. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते ताईंना कळल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं कीबोर्ड याचा, साउंड याचा. बहीण घरच्या घरी एकटी गायला लागली, तर याला कोण विचारणार? म्हणून दुकानदाराला आधीच पढवून ठेवलंय. रागापेक्षा त्यांना वाईट जास्त वाटलं. कडेवर घेऊन फिरवलेलं पोर, आणि आता बहिणीच्याच वाटेत आडवं येतंय.

"मोठाच लावा," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "आणि तू तिकडे खुर्चीवर बस. कशाला हात लावू नकोस."

मागच्या खोलीत माइक लागला. समोर कीबोर्ड होता, घरच्यासारखाच. ताईंनी हेडफोन चढवला आणि दचकल्याच. भिंतीवरचं घड्याळ कानात टिकटिकत होतं. कोपऱ्यात धाकट्याची खुर्ची कुरकुरली तीही ऐकू आली. वा, त्यांना वाटलं, हा खरा माइक!

त्यांनी काळी चारवर स्वतःच बोट ठेवलं. पहिल्या कार्यक्रमापासून हीच त्यांची पट्टी. लोक म्हणायचे, वय झालं तरी बाईंनी पट्टी सोडली नाही.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत वरचा सूर घ्यायला गेल्या आणि आवाज खरवडला, फुटला, मध्येच विरून गेला. ताईंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडलं.

"तुमचा कीबोर्ड चढा लागलाय," त्या दुकानदारावर डाफरल्या.

"अहो ताई, आजच खोक्यातून काढलाय तो."

"मग माइकमध्ये खोट आहे. तो दुसरा द्या."

दुसरा, सांभाळून घेणारा, हातात आला. घड्याळ गेलं, खुर्ची गेली. सूर मात्र तिथेच फुटला, फक्त जरा कमी ओरबाडल्यासारखा. आता ताईंची दोघांबद्दल खात्रीच पटली. माइकमध्येही काहीतरी करून ठेवलेलं, कीबोर्डमध्येही. एवढं साटंलोटं कशासाठी?

तेवढ्यात धाकटा उठून शेजारी येऊन उभा राहिला. त्याने कीबोर्डच्या कडेचं एक बटण दोनदा दाबलं. बघितलंही नाही, बोट आपसूक तिथे गेलं.

"आता म्हण."

त्याने काळी चारच धरली. ताई गायल्या. दुसरी ओळ आली, वरचा सूर आला आणि अलगद लागला. दुकानदाराने मान डोलावली.

ताईंचं मात्र गाण्यात लक्ष नव्हतं. धाकट्याचं बोट काळी चारवरच होतं, पण सूर काळी चारचा नव्हता. कीबोर्डच्या छोट्या खिडकीत दिसत होतं, उणे दोन. एक बटण दाबलं की बोटं जिथल्या तिथे राहतात आणि सगळे सूर गुपचूप खाली उतरतात.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

धाकटा खिडकीतल्या आकड्याकडे बघत राहिला.

"तुझं घशाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"ऑपरेशननंतरचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा तू विचारलंस, आवाज पूर्वीसारखाच आहे ना. घरी एकटी त्या मोठ्या माइकवर रेकॉर्ड करायला बसली असतीस तर तुला कळलं असतं, ताई. म्हणून."

ताईंचे डोळे भरून आले. लाज वाटली, आणि चीडही. किती टाळ्या घेतल्या होत्या काळी चारच्या नावावर.

दुकानदार चुळबुळला. "मग, ताई... हाच सांभाळून घेणारा पॅक करू?"

"तो नको. मोठा परत लावा."

हेडफोनमध्ये घड्याळ पुन्हा टिकटिकू लागलं. धाकट्याचा श्वासही ऐकू येत होता, अडखळत चाललेला. ताईंनी तीच ओळ घेतली. वरचा सूर लागला, पण या माइकने त्याच्या टोकाची बारीकशी खरखर कानात आणून ठेवली. उणे दोनवरसुद्धा.

धाकट्यालाही ती कळली असावी. त्याचा हात बटणाकडे निघाला. ताईंनी तो मनगटाशी धरून बाजूला ठेवला आणि बटण स्वतःच आणखी एकदा दाबलं. उणे तीन.

"सांभाळून घ्यायचंच होतं," त्या म्हणाल्या, "तर पुरतं घ्यायचंस."