शिळं पाणी

“हिमानी, ठेव ती जुडी खाली. नाल्याचं पाणी आहे त्या मेथीला.”

कालिंदीताईंचा आवाज ऐकताच हिमानीने जुडी टोपलीत ठेवली. बाकीच्या बायकाही मागे सरकल्या. पुंडलिकनगरातल्या त्या इमारतीच्या फाटकाशी मेथी विकायला बसलेली मनकर्णाबाई बघतच राहिली.

कालिंदीताई ऑडिटमधून निवृत्त झाल्या, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नव्हता. दुधाचं माप, गॅसचं वजन, नवऱ्याचा, श्रीधररावांचा, सकाळचा फेरफटका, सगळं तपासून व्हायचं. आता पाळी मेथीची. इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर मनकर्णाबाई भाजी पिकवायची. एप्रिल संपत आलेला. शहरात नळ आठवड्यातून एकदा. बोअर आटलाय आणि टँकर परवडत नाही, हे बाई स्वतःच सांगायची. तरी मेथी हिरवीगार! शेजारीच नाला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

“नाल्याचं नाय ताई, लेकरांची आन,” मनकर्णाबाई म्हणाली.

“मग कुठलं?”

 मनकर्णाबाईने जुड्यांवर ओलं फडकं ओढलं आणि टोपली उचलली.

दुसऱ्या दिवशी एकही जुडी खपली नाही. तिसऱ्या दिवशी तेच. पालेभाजी ती, दुपारीच मान टाकते. असंच चाललं तर वाफे मोडून धुणीभांडी धरावी लागतील, असं बाई वॉचमनला सांगत होती. कालिंदीताईंनी ते ऐकलं. खरी असती तर तोंड उघडलं असतं, त्या मनात म्हणाल्या.

नळाच्या दिवशी सगळी इमारत गच्चीवर आपापल्या पिंपाशी होती. नवं पाणी येण्याआधी पिंपातलं उरलेलं शिळं पाणी ओतून द्यायचं, हा तिथला रिवाज. कालिंदीताईंनीही आपलं पिंप उपडं केलं आणि सहज खाली डोकावल्या. मनकर्णाबाई भिंतीकडे धावत होती. सापडली! मोबाइल घेऊन ताई तडक प्लॉटवर गेल्या.

वाफ्यांतून एक काळी नळी निघाली होती. ताई तिच्या मागोमाग चालल्या. नळी नाल्याकडे गेलीच नाही. ती वळून इमारतीच्याच भिंतीशी आली. तिथे गच्चीवरचा पाइप उतरला होता आणि त्याच्या तोंडाखाली पोत्याने झाकलेली टाकी होती. पाइपातून नितळ पाणी धो धो कोसळत होतं. आत्ताच वर ओतलेलं.

कालिंदीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अहो, मग हे बोलला का नाहीत?”

मनकर्णाबाईने हात जोडले. “कसं बोलू ताई? पानी कामाचं हाय हे कळल्यावर कुनी फेकील का?”

त्याच संध्याकाळी कालिंदीताईंनी फाटकाशी सगळ्यांसमोर मेथी घेतली. “मी स्वतः जाऊन बघितलं. पाणी चांगलं आहे.”

“कुठलं आहे?” हिमानीने विचारलं.

कालिंदीताई जुडी निवडत राहिल्या.

पुढच्या खेपेला नळ फारच लांबला. लोकांची पिंपं केव्हाच कोरडी पडली होती. अखेर पाणी आलं, तेव्हा ओतायला शिळं पाणी कुणाकडेच नव्हतं. खाली मेथी सुकायला लागली होती. मनकर्णाबाई भिंतीशी उभी राहून वर बघत होती.

श्रीधररावांनी घामाघूम होऊन गच्चीवरचं पिंप नव्या पाण्याने काठोकाठ भरलं. कालिंदीताईंनी त्यात हात बुडवला, नाक मुरडलं.

“शिळं आहे,” त्या म्हणाल्या, आणि पिंप उपडं केलं.