चळतीचं समीकरण

सोमवारचा उपास सोडायला मी ताट वाढून घेत होते, तेवढ्यात आमचे हे रेवदंड्याला, माझ्या माहेरी आले.

"ती मला सोडून गेली. चल आता घरी."

मी वाढतच राहिले. हे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. वर्गात समजवावं तसं त्यांनी ताटांच्या चळतीवर एक ताट ठेवलं आणि लगेच उचललं.

"चळतीचं समीकरणच आहे बघ. वर ठेवलेलं काढून घेतलं, की चळत आधी होती तशीच उरते. आपल्या घराचंही तसंच."

"समीकरण बरोबर आहे," मी म्हणाले. "पण तिला घरात आणण्याआधी तुम्ही मला इथं आणून सोडलंत. आता ती गेली, घर आधी होतं तसंच उरलं. माझ्यावाचून."