पुडीशिवायचं दही

दुपारच्या शांततेत फ्रिजने ‘टिंग’ केलं आणि शर्वरी धावत स्वयंपाकघरात आली. फ्रिजच्या दारावर लाल अक्षरं उमटली : परवाना नसलेले जिवाणू. लेकीला, ईराला, गार दही हवं म्हणून तिने वेंधळ्यासारखं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं होतं.

थोड्याच वेळात, फ्रिजने धाडलेली सूचना मिळून, तपासनीस जंतुनाशकाचा फवारा घेऊन दारात.

“मॅडम, तुम्ही स्वतः जिवाणूंवर संशोधन करता, आणि घरात हे? कंपनीची विरजणाची पुडी मिळते की!”

“मिळते. पण त्या दह्याने पुन्हा दही लागत नाही. दर वेळी नवी पुडी. तसंच घडवलंय ते. हे माझ्या आईचं विरजण आहे. ती गेली, हे अजून जिवंत आहे.”

“नियम आहे. मारावं लागेल.”

“मारा.” तिने पातेलं पुढे केलं. “सकाळीच कॉलनीभर या विरजणाच्या वाट्या पोचल्यात. कुणाकडे, ते विचारू नका. आणि त्या बायकांनी काही फ्रिजमध्ये ठेवलेलं नाही.”

त्याने पातेल्यातल्या दह्यावर फवारा मारला आणि तो निघून गेला.

शर्वरीने लेकीच्या हातात रिकामी वाटी दिली. “जा, ओककाकूंकडून विरजण आण.”

“आपलंच?”

“विरजण असं मागूनच आणायचं असतं, सोनू.”

ईरा दारात थबकली. “काकूंनी तुझ्याकडून आणलं, तू आजीकडून, आजीने तिच्या आईकडून. मग सगळ्यात पहिलीने कुणाकडून आणलं गं, आई?”