तोंडाला साबण लागलेला श्रोता

आर्णीत जलालभाईंच्या सलूनमध्ये शिरभाते सर भर दुपारी आपल्या भयकथा वाचून दाखवत. तोंडाला साबण लागलेलं गिऱ्हाईक उठून पळत नाही, एवढा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. आज एकजण तरी दचकला नाही, तर लिहिणंच सोडायचं, असं ते ठरवून आले होते.

कथेत प्रेत उठलं, दार वाजलं. खुर्चीतला साद मेकॅनिक खुदकन हसला.

"सर, लोकं जेवता जेवता मोबाईलवर मुडदे पाहून राह्यले," ब्रश फिरवत जलालभाई म्हणाले. "तुमच्या भुताले आता कोण भेते?"

सरांनी हिरमुसून कागदांची घडी घातली.

आरशातले सर मात्र अजून वाचतच होते.

सादचं हसू थांबलं. आरशातले जलालभाई ऐकता ऐकता पांढरेफटक पडत चालले होते. त्यांच्या हातातला उघडा वस्तरा सादच्या गळ्याशी थरथरत होता.

"चाचा, हात हालवू नोका," साद पुटपुटला.

"मी कुठं हालवून राह्यलो?" जलालभाईंनी दोन्ही हात वर केले. एकात ब्रश होता, दुसरा रिकामा.

आरशातल्या सरांनी पान उलटलं. आरशातले जलालभाई दचकले, आणि इकडे सादच्या गळ्यावरच्या फेसात लाल रेघ उमटली.