डीनचा उजवा हात

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या त्या ऑस्टिओपॅथी कॉलेजात भावी डॉक्टरांना औषधांबरोबरच नुसत्या हातांनी आखडलेले सांधे मोकळे करायलाही शिकवायचे. ते शिकवण्यात डॉ. व्हर्ना स्टकीचा जन्म गेला होता. आज डीन रॉयस हॅडफील्डने तिचा तोच विभाग बंद करायचा ठराव आणला होता.

"ही चोळाचोळी आता पुरे झाली," तोंडातला डोनट गिळत डीन म्हणाला. "मोठ्या हॉस्पिटलांतले लोक आपल्याला मालिशवाले म्हणून हसतात. आणि असल्या प्रकाराने कुणी बरं होतं, याला पुरावा काय?"

व्हर्नाने टेबलाभोवती नजर फिरवली. बसलेले बहुतेक प्राध्यापक तिच्याच हाताखाली शिकून डॉक्टर झालेले; पण आता जो तो कॉफीच्या कपात तोंड खुपसून बसला होता.

"डॉ. स्टकी, तुम्हाला काही बोलायचंय?" डीनने उपकार केल्यासारखं विचारलं.

"छे हो, डीनसाहेब. तुम्ही उरका."

"मग ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा!" असं म्हणत त्याने सगळ्यांच्या आधी स्वतःचा उजवा हात ताठ वर केला, पार कानाला टेकवून.

 

"खाली घेऊ नका, सगळ्यांना पुरावा नीट बघू द्या," व्हर्ना म्हणाली. "हिवाळ्यात लपतछपत मागच्या दाराने माझ्याकडे आलात, तेव्हा हाच हात खांद्याच्या वर जात नव्हता."