बाजूने काढलेला माणूस

भिवपुरीच्या वसाहतीत १९८९ साली मी पदूचा नि माझा लहानपणचा कालव्यावरच्या उड्यांचा खेळ मुलांसाठी संगणकावर व्हिडिओ गेम म्हणून नव्याने तयार करत होतो.

पदू, माझा मित्र, लहानपणीच त्या कालव्यात बुडून गेला होता. त्याचा पाय घसरला, असं मी सर्वांना सांगितलं होतं. "मार रं उडी, भित्र्या!" हे माझे शब्द कुणीच ऐकले नव्हते.

गेममधला माणूस मी फक्त बाजूने काढला होता. आवाज अजून घातला नव्हता.

"बाबा, हा कालव्यापाशी उडीच मारत नाय," माझी मुलगी खेळून बघताना म्हणाली.

"बटण जोरात दाब गं."

"दाबलं की! त्यानं तोंड आपल्याकडं वळवलंय."

मी मान वर केली नाही.

"बाबा," ती हसली, "तुम्हाला भित्र्या म्हणतोय हा."